पुणे-पिंपरी चिंचवडमध्ये नक्की किती माणसं राहतात? (एका प्रगणकाचा अनुभव आणि काही प्रश्न)

खडूफळा:

२०११च्या जनगणनेत मी प्रगणक, म्हणजे घरोघर जाऊन नोंद करणारी, होते. तेव्हा पिंपरी चिंचवडच्या पश्चिमेकडच्या एका शाळेत शिकवत होते. आता पुन्हा जनगणनेचं वारं सुरू झालंय, शाळेतल्या नव्या शिक्षिका मला विचारतात, "बाई, अवघड असतं का हो?" त्यांना तोंडी जे सांगते ते एकदा नीट लिहून काढावं म्हणून हा धागा.

आधी घरयादी, मग माणसांची मोजणी, असे दोन टप्पे असतात. २०१०च्या उन्हाळ्यात मी माझ्या गटाचा नजरी नकाशा काढला. पक्क्या घराला चौकोन, कच्च्याला त्रिकोण, ज्यात कुणी राहत नाही त्या इमारतीला आतून रेघा. साधारण सव्वाशे-दीडशे घरांचा गट. एका कोपऱ्यात मोकळा प्लॉट होता. बाभळी आणि राडारोडा, बाकी काही नाही. तिथे मी कागद कोरा सोडला.

फेब्रुवारी २०११मध्ये तोच नकाशा हातात घेऊन गेले तेव्हा त्या प्लॉटवर बारा मजल्यांचा सांगाडा उभा होता आणि मागे पत्र्याच्या खोल्यांच्या दोन रांगा. माझ्या नकाशात तिथे काहीही नव्हतं. सकाळी अकराला गेले तर सगळ्या खोल्यांना कड्या. मुकादम भेटला. म्हणाला, "मॅडम, लिहा ना साठ. साठच आहेत." मी म्हटलं, मला नावं लागतात, वय लागतं, शिक्षण लागतं. तो म्हणाला मग रात्री या.

रात्री साडेआठला मिस्टरांना सोबत घेऊन गेले. प्रत्येक खोलीबाहेर तीन विटांची चूल, त्यावर भाताचं पातेलं. यादगीरकडची कुटुंबं होती, नांदेड-लातूरकडची होती, छत्तीसगडची होती. एका बाईनं बाळ मांडीवर घेऊन सांगितलं, "आमचं नाव गावाकडं लिवलंय, सासऱ्यानं सांगितलंय फोनवर." आता नियम असा की ९ ते २८ फेब्रुवारी या काळात माणूस जिथे राहतो तिथे त्याला मोजायचं, पूर्ण काळ घराबाहेर असेल तर घरच्या यादीत घ्यायचं नाही. म्हणजे तिचं नाव इथे यायला हवं आणि गावात यायला नको. पण गावातल्या प्रगणकाला सासऱ्यानं काय सांगितलं ते मला कुठे दिसणार? मी तिला लिहून घेतलं.

दोन रात्री लागल्या. मुकादमाचे साठ होते, माझे एकशे अठरा झाले. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या हजेरीत साठच नावं होती. बायका आणि पोरं त्याच्या हजेरीत नव्हती, एवढंच.

पिंपरी चिंचवडची २००१ची लोकसंख्या १०,१२,४७२ होती, २०११ची १७,२७,६९२. दहा वर्षांत सत्तर टक्के वाढ. पुणे महापालिका २५,३८,४७३ वरून ३१,२४,४५८ वर गेली. त्यानंतर मोजणीच नाही. २०२१ची जनगणना कोविडमुळे गेली, आता संदर्भक्षण (ज्या क्षणाची लोकसंख्या धरायची तो) १ मार्च २०२७ ठरला आहे. मधल्या काळात वाकड, ताथवडे, मोशी, चऱ्होली, वाघोली ही ठिकाणं ओळखू येईनाशी झाली. तरीही जानेवारी २०२६ला पुणे महापालिकेची जी निवडणूक झाली तिचे प्रभाग २०११च्याच लोकसंख्येवर आखलेले होते. समाविष्ट गावं धरून ३४ लाख ८१ हजारांच्या आसपास.

मला विचारायचंय ते असं, की ज्यांनी ज्यांनी या आकड्याशी काम केलंय, मग ते पाण्याचं असो, आरोग्याचं असो, सोसायटीचं असो, त्यांना काय अनुभव आले? आणि या वेळी आपण रहिवासी म्हणून काय करू शकतो?

---

नळकोंडाळं:

ताई, फार महत्त्वाचा धागा. मी पाणीपुरवठ्याच्या योजनांचे अहवाल बनवण्यात वीस वर्षं घालवली, म्हणून राहवत नाही.

आमच्याकडे लोकसंख्या "मोजत" नाहीत, "काढतात". अंकगणिती पद्धत म्हणजे गेल्या दशकात जेवढी माणसं वाढली तेवढीच पुढच्या दशकात वाढतील असं धरायचं. भूमिती पद्धत म्हणजे जेवढ्या पटीने वाढली तेवढ्याच पटीने धरायचं. तिसरी वाढीव वृद्धीची. तिन्ही पुस्तकात आहेत, तिन्ही मान्य आहेत.

तुमचेच आकडे घ्या. पिंपरी चिंचवडला अंकगणिती पद्धतीने २०२१साठी २४ लाख ४३ हजार येतात. भूमिती पद्धतीने २९ लाख ४८ हजार. पाच लाखांचा फरक! माणशी रोज १३५ लिटर या मानकाने हिशोब केला तर दिवसाला जवळपास ६८ दशलक्ष लिटर पाणी. एक मध्यम आकाराचं जलशुद्धीकरण केंद्र बांधायचं की नाही, हे कोणती पद्धत निवडली त्यावर ठरतं. हे दोन्ही आकडे मी स्वतः वेगवेगळ्या अहवालांत वेगवेगळ्या वर्षी वापरलेत आणि दोन्ही वेळा मंजूर झालेत.

पुण्याचं तर दरवर्षीचं आहे. खडकवासला साखळीतल्या चार धरणांतलं पाणी शहराला किती आणि दौंड-इंदापूरच्या शेतीला किती, हा वाद शेवटी "शहरात माणसं किती" इथेच येऊन थांबतो. महापालिका आकडा जास्त धरते, जलसंपदा खातं कमी धरतं. खरा मोजलेला आकडा दोघांकडेही नाही. इंदापूरचा शेतकरी शेवटच्या आवर्तनाची, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळीची, वाट बघत असतो आणि त्याचं आवर्तन वाकडमधल्या न मोजलेल्या माणसांवर अवलंबून असतं.

---

सनलिट_बी_विंग:

वाचतोय. मी बावधनमधल्या एका मोठ्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. चारशे बारा फ्लॅट. मला विचाराल तर आत्ता या क्षणी आमच्याकडे किती माणसं राहतात ते मला सांगता येणार नाही.

साठेक फ्लॅट बंद असतात. काही गुंतवणूक म्हणून घेतलेले, काहींचे मालक अमेरिकेत. दीडशेच्या आसपास भाड्याने आहेत. भाडेकराराची प्रत आमच्याकडे येते, त्यावर दोन नावं असतात, राहतात पाच. पोलीस पडताळणीचं तेच. फेब्रुवारीत येणारा प्रगणक दुपारी आला तर इंटरकॉमवर कुणी उचलणार नाही, रात्री आला तर गेटवरचा माणूस ॲपवर परवानगी मागेल आणि आतला माणूस "नंतर या" म्हणून नाकारेल. ताईंनी पत्र्याच्या खोल्यांचं सांगितलं, पण आमच्यासारख्या ठिकाणीही माणूस सापडणं तितकंच कठीण आहे, फक्त कारण उलटं आहे. तिथे दार नाही, इथे चार दारं आहेत.

एक प्रश्न: आमच्याकडे एका टू बीएचकेमध्ये सहा मुलं राहतात. आयटीतली. स्वयंपाक करत नाहीत, डबा येतो. हे एक कुटुंब धरायचं का?

---

खडूफळा:

@सनलिट_बी_विंग, याच प्रश्नावर आमच्या प्रशिक्षणात अर्धा तास गेला होता. जनगणनेत कुटुंब रक्ताच्या नात्यावर ठरत नाही, चुलीवर ठरतं. एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब, नातं असो वा नसो. ही सहा मुलं मिळून एकच चूल पेटवत असती तर एक कुटुंब. प्रत्येकाचा डबा वेगळा असेल आणि समाईक स्वयंपाक नसेल तर प्रत्येक जण स्वतंत्र कुटुंब, म्हणजे एका फ्लॅटमध्ये सहा. आता दमलेला प्रगणक संध्याकाळी सातला सहा वेगळ्या नोंदी करेल की एक करेल? आणि सहातले चार जण ऑफिसात असतील तर उरलेल्या दोघांना त्या चौघांचं वय, गाव, मातृभाषा माहीत असते का? माझ्या गटात एका मुलाने रूममेटचं आडनावसुद्धा फोन करून विचारलं होतं.

मला वाटतं कुटुंबाचा सरासरी आकार शहरात कमी दिसतो, त्यातला काही भाग या डब्यांचा आहे.

---

सांख्यिक:

मी लोकसंख्याशास्त्र शिकलो आणि त्यातच नोकरी केली. दोन-तीन गोष्टी जोडतो.

जनगणना झाल्यावर निवडक गटांत पुन्हा मोजणी होते, वेगळी माणसं पाठवून. मग दोन्ही याद्या ताडून पाहतात. २०११मध्ये देशभरात हजारी २३ माणसं निव्वळ सुटली असं त्यात दिसलं. हा देशाचा दर आहे, तो पुण्याला जसाच्या तसा लावू नये. पण नुसता अंदाज यावा म्हणून लावून पाहिला तर ३१ लाखांमागे बहात्तर हजार होतात. शहरांत सुटण्याचं प्रमाण खेड्यांपेक्षा जास्त असतं, आणि सुटतात ते सगळीकडून सारखे सुटत नाहीत. भाडेकरू, एकटे तरुण, तान्ही बाळं, हंगामी मजूर हे जास्त सुटतात. त्यामुळे नुसता आकडा वाढवून दुरुस्ती होत नाही. कोण सुटलं ते कळायला हवं.

दुसरं वय. कच्च्या तक्त्यात वयांचा आलेख काढला की ३०, ३५, ४०, ४५ वर उंच सुळके दिसतात, मध्ये खड्डे. लोक वय शून्यावर किंवा पाचावर आणून सांगतात. हे मोजायला व्हिपल निर्देशांक वापरतात. शाळेत न गेलेल्या माणसाला वय विचारायची एक रीत आहे, घडलेल्या गोष्टींवरून. ताई, तुम्ही वापरली असेल.

तिसरं, "राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाचा अंदाज आहे ना" असं बरेच जण म्हणतात. आहे, २०११ ते २०३६चा, चांगल्या पद्धतीने केलेला. पण तो राज्यांचा आहे. जन्म-मृत्यूवरून राज्याची लोकसंख्या पुढे नेता येते, कारण राज्यात स्थलांतराचा वाटा तुलनेने लहान असतो. चाकण-तळेगाव-हिंजवडीच्या पट्ट्यात मात्र वाढ पाळण्यातून कमी आणि एसटीतून जास्त येते. एसटीतून उतरणाऱ्याची नोंद कुठेच होत नाही.

---

खडूफळा:

@सांख्यिक, वापरली हो! पिंपळे गुरवमधल्या एका आजींना वय विचारलं तर "असंल साठ-सत्तर". मी विचारलं, पानशेतचं धरण फुटलं तेव्हा तुम्ही केवढ्या होता? लगेच म्हणाल्या, "थोरला पोटात होता, सातवा महिना. पूर बघायला बंडगार्डनला गेले म्हणून सासू बोलली होती." पानशेत १२ जुलै १९६१. लग्न सोळाव्या वर्षी, मग दोन वर्षांनी दिवस गेले. म्हणजे २०११ला अडुसष्टच्या आसपास. मराठवाड्यातल्यांना बहात्तरचा दुष्काळ विचारायचा, कराड-पाटणकडच्यांना कोयनेचा भूकंप. असं विचारायला एका माणसामागे पाच मिनिटं लागतात. गटात सहाशे-सातशे माणसं असतात आणि दिवसभराची शाळा करून हे काम असतं.

---

एक्सघर:

मी महापालिकेच्या एका दवाखान्यात एएनएम (आरोग्यसेविका) होते, आता निवृत्त. पाटी वाचून कुणी विचारेल म्हणून नावाचं सांगते. पल्स पोलिओला आम्ही घरोघर जातो, मुलांना डोस मिळाला असेल तर दारावर खडूने पी लिहितो. घर बंद किंवा मूल राहिलं असेल तर एक्स. दुसऱ्या दिवशी फक्त एक्स घरं करायची. आयुष्यभर मी एक्स घरांच्या मागे फिरले.

आरोग्याचं सगळं नियोजन डोक्यांवर. पन्नास हजारांमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, हे मानक आहे. लसींचं वार्षिक उद्दिष्टही लोकसंख्येच्या टक्क्यावरच येतं. आमच्या भागाची लोकसंख्या कागदावर तीच जुनी आणि बाहेर टॉवर उभे राहिलेले. मग उद्दिष्टाच्या एकशे तीस-एकशे चाळीस टक्के काम व्हायचं. वरून कौतुक व्हायचं. मला त्या कौतुकाने पोटात गोळा यायचा, कारण एकशे चाळीस टक्के म्हणजे खाली किती मुलं आहेत तेच आम्हाला माहीत नाही. त्यात किती राहिली ते कसं कळणार? गोवर आला की मग कळतं.

जन्मांच्या नोंदींवरून काढा म्हणाल तर तेही फसवं आहे. बाळ जिथे जन्मतं तिथे नोंद होते. मुळशी, मावळ, खेड, शिरूरकडच्या बाया बाळंतपणाला शहरातल्या रुग्णालयात येतात, त्यांची बाळं शहराच्या वहीत. आणि शहरातल्या कितीतरी मुली पहिल्या बाळंतपणाला माहेरी जातात, त्यांची बाळं सोलापूर-बीडच्या वहीत.

पण एक चांगली गोष्टही सांगते. पोलिओच्या सूक्ष्म नियोजनात आमच्याकडे वीटभट्ट्या, बांधकामं, पाल टाकून राहिलेली माणसं, ऊसतोड टोळ्या यांची वेगळी यादी असायची, जोखमीचे भाग म्हणून. दर फेरीला ती नवी करायची. कुठल्या बांधकामामागे किती खोल्या आहेत, ते आशाताईंना पाठ असतं. ती यादी जनगणनेच्या चार्ज अधिकाऱ्याने (त्या भागाच्या मोजणीच्या प्रमुखाने) कधी मागितल्याचं मला आठवत नाही. एकाच इमारतीत वरच्या मजल्यावर बसायचे ते.

---

कोडकरी:

चर्चा छान आहे, पण एक मूलभूत शंका. आधार आहे, मतदार यादी आहे, वीजमीटर आहेत, मिळकतकराच्या नोंदी आहेत, मोबाइल तर प्रत्येकाकडे आहे. उपग्रहावरून इमारती मोजता येतात. मग घरोघर माणूस पाठवायचा खटाटोप कशासाठी? सगळं जोडलं की आकडा तयार.

---

सांख्यिक:

@कोडकरी, शंका रास्त आहे आणि याचा बराच भाग उपयोगी आहेच. पण एकेक घेऊन पाहा.

आधारवरचा पत्ता माणूस गाव सोडताना बदलत नाही. माझ्याकडे काम करणाऱ्या ताईंच्या आधारवर अजून जालना आहे, त्या इथे अकरा वर्षं आहेत. मतदार यादीत अठरा वर्षांखालचं कुणी नाही, आणि घर बदललेले लोक जुन्या यादीत तसेच राहतात. एका मीटरवर कधी दोन माणसं असतात, कधी दहा खोल्यांची चाळ. मिळकतकराला घर कळतं, घरात कोण ते कळत नाही. मोबाइल एकाकडे दोन असतात, तान्ह्या बाळाकडे एकही नसतो. उपग्रहाला छप्पर दिसतं. छपराखाली बंद फ्लॅट आहे की पत्र्याआड आठ माणसं, ते दिसत नाही.

या सगळ्यांचा खरा उपयोग प्रगणकाच्या आधी आहे. उपग्रहाचं ताजं चित्र असतं तर ताईंच्या नकाशातला तो कोपरा कोरा राहिला नसता. पुण्यात शेल्टर असोसिएट्ससारख्या संस्थेने झोपडपट्ट्यांचे घरोघर नकाशे केलेत, उपग्रहाचं चित्र आणि प्रत्यक्ष फिरणं एकत्र करून. त्यातून शौचालयं नेमकी कुठे नाहीत हे कळलं. पायी फिरणं त्यातही चुकलं नाही.

फार जुनी गोष्ट आहे ही पुण्यातली. धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतर्फे १९३०च्या दशकात शहराचं सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण केलं, तेही कुटुंबाकुटुंबात जाऊन विचारून.

---

दूरदेशी:

मी काही वर्षं लागोसला नोकरीला होतो. तिथलं ऐका. नायजेरियाच्या २००६च्या जनगणनेत लागोस राज्याची लोकसंख्या ९० लाखांच्या थोडी वर आली. राज्य सरकारने स्वतःची मोजणी केली होती, त्यात एक कोटी ७५ लाख. जवळजवळ दुप्पट! केंद्राचा पैसा आणि जागा लोकसंख्येवर वाटल्या जातात म्हणून कुणीच दुसऱ्याचा आकडा मानेना. मी होतो तोवर ऑफिसात प्रत्येक जण आपापल्या सोयीचा आकडा वापरायचा.

कराचीचंही तसंच. २०१७ला एक कोटी ६० लाख मोजले, शहरातल्या पक्षांनी ते नाकारलं. २०२३ला टॅबलेट घेऊन डिजिटल मोजणी केली, मुदत पुन्हा पुन्हा वाढवली आणि आकडा दोन कोटींवर गेला. तेव्हा ॲप आलं म्हणून आपोआप विश्वास येत नाही. आपल्याकडे या वेळी ॲप आहे, स्वतः माहिती भरायची सोय आहे, जातही विचारणार आहेत. मला काळजी विश्वासाची आहे.

---

मांजरीकर:

हद्दीचा मुद्दा कुणी घेतला नाही म्हणून लिहितो. आमचं गाव २०२१च्या जूनमध्ये पुणे महापालिकेत आलं, तेवीस गावांबरोबर. त्याआधी २०१७ला अकरा गावं आली, त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची नंतर पुन्हा बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. आता "पुण्याची लोकसंख्या किती वाढली" हे सांगताना कुठलं पुणे धरायचं? २०११चं पुणे वेगळं आणि आजचं हद्द वाढलेलं पुणे वेगळं. हद्द वाढली म्हणून आलेली माणसं आणि खरोखर नव्याने आलेली माणसं, ही दोन्ही एकाच बेरजेत दिसतात.

आणि हिंजवडी अजून ग्रामपंचायत आहे! टॉवर, मेट्रोचे खांब, लाखभर नोकऱ्या आणि ग्रामपंचायत. जनगणना अशा गावाला फार तर "जनगणना शहर" म्हणते, म्हणजे पाच हजार वस्ती, चौरस किलोमीटरला चारशे माणसं आणि पंचाहत्तर टक्के पुरुष शेतीबाहेरच्या कामात असले की. देशात २००१ला अशी १,३६२ होती, २०११ला ३,८९२ झाली. पण ते नाव फक्त जनगणनेच्या तक्त्यात. कचऱ्याची गाडी ग्रामपंचायतीच्या ऐपतीचीच येते.

२०११मध्ये आमच्या गावात माणसं मोजली तेव्हा उसाचे फड होते. त्या आकड्यावर आज रेशनचा इष्टांक (किती लाभार्थ्यांना धान्य द्यायचं ती मर्यादा) आहे. अन्नसुरक्षा कायद्यात महाराष्ट्राला एकूण सात कोटी लाभार्थ्यांची मर्यादा, तीही २०११वरून ठरलेली. गावात नवं कुटुंब आलं, कार्डाला अर्ज केला तर उत्तर येतं: इष्टांक पूर्ण. कुणी मेलं किंवा कुणाचं कार्ड रद्द झालं तर जागा. दुकानदाराला शिव्या देऊन उपयोग नाही, त्याच्या हातात काही नाही.

---

एक्सघर:

@मांजरीकर, रेशनचं अगदी खरं. आमच्या दवाखान्यात कुपोषित मूल आलं की पहिला प्रश्न कार्ड आहे का. बहुतेक वेळा कार्ड गावाकडे, सासूच्या नावावर. आता एक देश एक कार्डमुळे धान्य इथे उचलता येतं खरं, पण सासू तिकडे उचलते, मग इकडे काय?

---

खडूफळा:

@दूरदेशी, विश्वासाबद्दल. २०११ला मला लोकांनी चहा दिला. "सरकार काहीतरी देणार असेल" असंही वाटायचं काहींना, तरी दार उघडायचे. आता माझ्या विद्यार्थ्यांचे पालक सरळ विचारतात, कागद मागणार का? नाव काढून टाकणार का? म्हणून स्पष्ट लिहिते. जनगणनेत कुठलाही कागद दाखवावा लागत नाही, तुम्ही सांगाल ते लिहायचं. १९४८च्या जनगणना कायद्याच्या कलम १५प्रमाणे तुमची माहिती गुप्त राहते, कोर्टात पुरावा म्हणूनसुद्धा वापरता येत नाही. हे प्रगणकाने दारात उभं राहून सांगायला हवं आणि सांगायला त्याला वेळ हवा.

आणखी एक रात्र सांगायची राहिली. २८ फेब्रुवारीला, शेवटच्या रात्री, बेघर माणसांची मोजणी असते, कारण त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधता येत नाही. मला रेल्वे स्टेशनजवळचा एक उड्डाणपूल मिळाला. झोपलेल्या माणसाला उठवून त्याचं नाव विचारायचं. एक जण उठून बसला, नाव सांगितलं, गाव सांगितलं, मग म्हणाला, "आईचं नाव पण लिहा." फॉर्ममध्ये आईच्या नावाचा रकानाच नव्हता. पुलाखाली एकोणीस जण सापडले. पलीकडच्या खांबापर्यंत जायच्या आत पोलिसांची गाडी आली आणि तिकडचे उठून पळाले. किती होते ते मला आजही माहीत नाही. ते माझ्या वहीत नाहीत.

---

नळकोंडाळं:

ताई, हे वाचून थांबलो थोडा वेळ.

वर विचारलंत ना, आपण काय करू शकतो. मी आमच्या प्रभागातल्या लोकांना सांगतोय की घरयादीचा टप्पा हलका घेऊ नका. तो एप्रिल ते सप्टेंबर २०२६मध्ये ठेवलाय, प्रत्येक राज्याला तीस दिवस, त्याआधी पंधरा दिवस स्वतः माहिती भरायला. माणसं फेब्रुवारी २०२७ला मोजतील, पण ज्या घराला घरयादीत क्रमांक नाही त्या घराकडे फेब्रुवारीत कुणी वळेल याची खात्री नाही. ताईंच्या प्लॉटसारखी जागा आपल्या गल्लीत उभी राहिली तर प्रगणकाला बोलावून दाखवा.

---

सनलिट_बी_विंग:

ठरवलंय. पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये विषय ठेवतोय. प्रगणकाला गेटवर अडवायचं नाही, एका कमिटी सदस्याने सोबत फिरायचं, भाडेकरूंना आधी सांगायचं, बंद फ्लॅटची यादी तयार ठेवायची. संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये टेबल टाकून स्वतः माहिती भरायला मदत करायची.

ताईंचा मुकादमाचा किस्सा वाचून काल खाली गेलो. आमच्या पंपाच्या खोलीला लागून वॉचमनची खोली आहे. आमच्या रजिस्टरमध्ये तिथे एक नाव आहे, एजन्सीने दिलेलं. दार वाजवलं तर आत त्याची बायको, दोन मुली आणि भाऊ. पाच माणसं. तीन वर्षं आहेत. मोठी मुलगी जवळच्या शाळेत दुसरीत आहे. मी रोज त्या दारावरून गाडी काढतो.

एकच शंका, ते नेपाळचे आहेत. त्यांना मोजतात का?

---

खडूफळा:

हो, मोजतात. जो इथे राहतो त्याची नोंद इथे करायची. २०११च्या फॉर्ममध्ये जन्मठिकाणाचा रकाना होता, भारताबाहेर जन्म असेल तर तिथे देशाचं नाव लिहायचं असायचं. मुली इथेच जन्मल्या असतील तर त्यांचं वेगळं लिहायचं, तेवढं त्यांच्या आईला आधी विचारून ठेवा. आणि पंपाच्या खोलीला घरयादीत स्वतंत्र क्रमांक पाडायला सांगा, नाहीतर ती बिनराहत्या इमारतीत जाते आणि नकाशात आतून रेघा मारल्या जातात.